आगवळ आणि गोंडा : एक रसग्रहण

‘आगवळ’ म्हणजे काय, असे वर्गात विचारले गेले तेव्हा चौघींनी हात वर केले. एका मुलाने ती बैलाच्या साजातील एखादी वस्तू असावी असे सांगितले आणि वर्ग हसला. मला मात्र ते उत्तर हसण्यावारी नेण्यासारखे वाटले नाही. त्याच्याकडे मी थोड्या वेळाने वळणार आहे. आधी वस्तू कोणती ते सांगते.

आगवळ म्हणजे वेणी बांधण्याची सुताची किंवा रेशमाची दोरी. काळ्या दोऱ्यांचा जुडगा तीन पेडांत वाटलेला असतो. वेणी निम्म्यावर आली की हे पेड केसांच्या तीन पेडांत मिसळतात, पुढची वेणी केस आणि सूत ह्यांची मिळून घालतात आणि शेवटी त्याच दोरीचे वेढे देऊन गाठ मारतात. गाठीखाली लोंबतात ते गोंडे. त्यांनाच काही घरांत फुंदे म्हणतात. खोपा किंवा अंबाडा घालायचा झाला तर मानेशी केस आवळण्याचे कामही आगवळच करते. गंगावन निराळे. गंगावन हा केसांचा जोड आहे, थोडे केस पुष्कळ दिसावेत म्हणून लावलेला. आगवळ हा बंध आहे. असलेले केस जागच्या जागी ठेवणे एवढेच तिचे काम.

आपल्याकडे केसांच्या दागिन्यांची यादी कोणी करू लागले तर राखडी, मूद, केतक, नाग, चंद्रकोर अशी नावे भराभर येतात. ह्या साऱ्या सोन्याच्या वस्तू. सोने मोडता येते, गहाण ठेवता येते, लेकीला देता येते, म्हणून त्याची नोंद राहते. वाटणीच्या कागदातसुद्धा राहते. सुताची आगवळ तेलाने चिकट होते, झिजते आणि एके दिवशी चुलीत जाते. तिची नोंद ठेवण्याचे कारण कोणाला पडत नाही. तरीही अभ्यासासाठी एकच वस्तू निवड असे मला कोणी सांगितले तर मी राखडी न निवडता आगवळ निवडीन, कारण ‘अलंकार’ ह्या शब्दाला ती सोन्याच्या फुलापेक्षा अधिक जागते असे माझे मत आहे.

कलासमीक्षक आनंद कुमारस्वामी ह्यांनी १९३९ साली प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात अलंकरणाचा विचार शब्दांच्या अंगाने केला आहे. ‘अलम्’ म्हणजे पुरेसे, आणि ‘कृ’ म्हणजे करणे. तेव्हा अलंकार म्हणजे एखाद्या गोष्टीला तिच्या कामासाठी पुरती सिद्ध करणे. मुळात पूर्ण असलेल्या गोष्टीवर वरून काही चढवणे हा अर्थ मागाहून आला. मराठीच्या तासाला उपमा-रूपकांची लक्षणे पाठ करताना आपण हे सहसा ध्यानात घेत नाही आणि अलंकार म्हणजे शोभेची भर असेच धरून चालतो. आगवळीला ही कसोटी लावून पाहावी. सोन्याचे फूल काढून ठेवले तरी वेणी वेणीच राहते. आगवळ काढली की वेणी सुटते. आगवळीवाचून वेणी अपुरी, म्हणून आगवळ अलंकार.

पण मग गोंडा कशाला, असा प्रश्न कोणीही विचारील. बांधायला दोरी पुरे, तिला झुपका कशाला? हा प्रश्न मलाही बरेच दिवस पडला होता. त्याचे उत्तर दोरीच्या टोकापाशी आहे. दोरी कितीही चांगली वळलेली असो, तिचे टोक उसवते. पीळ टोकाकडून सुटू लागतो. विणकरालाही हीच अडचण येते. कापड मागावरून उतरले की उभ्या धाग्यांची टोके मोकळी राहतात. त्यांना आपण दशा म्हणतो. उपरण्याच्या किंवा शेल्याच्या दशांना पीळ देऊन गाठी मारतात, त्या आधी आडवे सूत निसटू नये म्हणून आणि नंतर शोभेसाठी. गोंडा हीच युक्ती दोरीच्या टोकाला लावतो. टोक घट्ट बांधून टाकायचे आणि बांधाच्या खाली सुताला मोकळे सोडायचे. जे उसवणारच आहे त्याला उसवू द्यायचे, पण किती आणि कुठून हे आपण ठरवायचे. शिवाय त्या झुपक्याचे थोडे वजन वेणीच्या शेंड्याला मिळते, त्यामुळे वेणी पाठीवर सरळ पडते आणि चालताना झुलते. उपयोग कुठे संपला आणि शोभा कुठे सुरू झाली ह्याची रेघ येथे ओढता येत नाही.

आमच्या आजीच्या ट्रंकेत एक आगवळ आहे. ती मी पट्टी घेऊन मोजली आणि कागदावर तिचे चित्र काढले. लांबी माझ्या हाताने सव्वादोन हात. दोरा सुती, काळा, बारीक. वरच्या बाजूला दुमड आहे, तेथून तीन पेड सुटतात आणि प्रत्येक पेडाच्या शेवटी चार बोटे लांबीचा एक गोंडा आहे. गोंड्याचे तीन भाग सहज दिसतात : वर सुपारीएवढे गोल डोके, मग आवळलेला गळा आणि खाली मोकळी झालर. डोके घट्ट आणि गोल व्हावे म्हणून आत सुताचीच लहानशी गुंडाळी भरलेली बोटांना लागते. गळ्याला तांबड्या दोऱ्याचे सात वेढे आहेत आणि त्यांच्या मधोमध कलाबतूचा एकच वेढा. आता तो काळवंडला आहे, तरी उजेडात धरला की चमकतो. सगळ्या काळ्या वस्तूत रंग तेवढाच, करंगळीच्या नखाएवढ्या रुंदीचा. दहा पावलांवरून तो दिसणारही नाही. वेणी घालणारीला आणि तिच्या अगदी पाठीशी असणाऱ्यालाच तो दिसतो. करणाऱ्याने तो तेवढ्यासाठी घातला. मला ह्या वस्तूतील सर्वांत कलात्मक गोष्ट हीच वाटते, आणि ती डोळे दिपवणारी नाही.

आणखी एक गोष्ट. दोरीचा पोत सगळीकडे सारखा नाही. शेंड्यापासून वीतभर वर ती झिजून बारीक झाली आहे, कारण गाठ वर्षानुवर्षे त्याच जागी पडत होती.

असे गोंडे बांधण्याचा धंदा पटवेकऱ्यांचा. मंगळसूत्राचे मणी ओवणे, दागिन्यांना रेशमाचे दोर आणि गोंडे लावणे, करगोटे करणे ही त्यांची कामे. सोनाराने दागिना घडवला तरी तो गळ्यात घालण्याजोगा होई तो पटवेकऱ्याच्या हातून. ह्या कामाला यंत्र असे काही लागत नाही. ओढून धरायचा दोरा पायाच्या अंगठ्याला अडकवतात आणि दोन्ही हात मोकळे ठेवून वेढे घालतात. अंगठा हा तिसरा हात. वेढ्यांचा ताण सारखा राहिला तरच गोंड्याचा गळा गुळगुळीत होतो. एक वेढा सैल पडला की झालर एका अंगाला झुकते. पण सगळ्याच आगवळी पटवेकऱ्याकडून येत नसत. पुष्कळ बायका घरीच काळा दोरा पुठ्ठ्याच्या तुकड्यावर गुंडाळून, वरून बांधून, खालून कापून गोंडे करीत. तालुक्याच्या बाजारात कटलरीच्या दुकानात आज मिळतात ते नायलॉनचे. नायलॉनचा झुपका धुवायला सोपा आणि टिकायला चांगला, हे खरे. पण तो गुळगुळीत असल्याने केसांना धरत नाही, आणि हलका असल्याने झुलण्याऐवजी फिसकारतो. सूत केसाला धरते, तेल पिते आणि काही दिवसांत केसासारखेच वागू लागते.

आता बैलाकडे येते.

वेणीचे शब्द आणि दोराचे शब्द मराठीत एकच आहेत, ही गोष्ट आपण फारशी ध्यानात घेतलेली नाही. केसांचा पेड तसाच दोराचा पेड. केसांना पीळ, दोराला पीळ. तिपेडी वेणी आणि तिपेडी दोर. केसांना गोंडा आणि बैलाच्या शिंगांनाही गोंडा. वाख आणि अंबाडी सोलून, कातून, वळून दोर करण्याचे काम आपल्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या मातंग समाजातील कारागिरांनी केले. कासरा, दावे, म्होरकी, चऱ्हाट ह्या सगळ्यांतले शास्त्र आणि आगवळीतले शास्त्र एकच : धाग्याला एका दिशेने पीळ द्यायचा आणि पेड एकत्र वळताना उलट दिशेने, म्हणजे दोन्ही पीळ एकमेकांना धरून राहतात. बेंदूर-पोळ्याला बैलाच्या कपाळावर आणि शिंगांवर रंगीत गोंडे चढतात ते ह्याच विद्येचे. आपल्या भवानीनगरला छत्रपती कारखान्याच्या गव्हाणीकडे जाणाऱ्या उसाच्या गाड्या हंगामात पाहाव्या. ट्रॅक्टर कितीही वाढले तरी जी बैलगाडी दिसते तिच्या बैलाच्या गळ्यात घुंगरांबरोबर एखादा गोंडा असतोच.

बाईच्या वेणीची आणि बैलाच्या साजाची बरोबरी केली म्हणून कोणी नाराज होऊ नये. मला त्यात एक कलाविषयक तत्त्व दिसते. गोंडा कुठे लावतात ते पाहा. बैलाला, पालखीला, छत्रीला, झुल्याला, टोपड्याला, वेणीला. जे हलते त्याला. दारावरच्या तोरणालाही असतात, पण तेही वाऱ्याने हलते. भिंतीला कोणी गोंडा लावीत नाही. गोंडा ही हालचालीची कला आहे. म्हणून खिळ्याला टांगून तिचे फोटो काढले तर ती अर्धीच दिसते.

ही गुंफण नाचातही उतरली आहे. गोव्यात शिमग्याला गोफ नाचतात. मांडवाच्या मध्यावरून रंगीत दोऱ्या सोडलेल्या असतात, प्रत्येक नाचणारा एक दोरी धरतो आणि एकमेकांच्या आतून-बाहेरून फेर धरीत सर्वजण मिळून वर एक वेणी विणतात. नंतर तेच फेर उलटे घेऊन ती उकलतात. शेवटी गोफ शिल्लक राहत नाही. वेणीचेही तसेच. सकाळी घातलेली दुसऱ्या दिवशी सोडायची आणि पुन्हा घालायची. टिकणे ही कलेची अट मानली तर ह्या दोन्ही गोष्टी कलेबाहेर जातात. पण मग रांगोळीही जाईल आणि गाणेही जाईल.

केसांच्या बांधणीवरून माणसे ओळखण्याची रीत जुनी आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात पात्रांच्या वेषभूषेचा विचार करताना कोणत्या प्रदेशातील स्त्रीचे केस कसे दाखवावे हे सांगितले आहे. आभीर स्त्रियांना दोन वेण्या द्याव्यात असे तेथे आहे. आगवळीच्या बहिणीही सर्वत्र आहेत. पंजाबात तिला परांदा म्हणतात. तो रंगाने भडक, कमरेच्याही खाली जाणारा. तामिळनाडूत कुंजलम, कर्नाटकात जडे कुच्चू. दूर दक्षिण अमेरिकेत पेरू-बोलिव्हियाच्या डोंगराळ मुलखातील बायका दोन वेण्यांची टोके पाठीवर लोकरीच्या गोंडेदार दोरीने जोडतात, तिला तुल्मा म्हणतात. जपानात कुमिहिमो ह्या गोफकामाला स्वतंत्र कलेचा मान आहे. सामुराईंच्या चिलखताचे पत्रे ह्याच दोऱ्यांनी एकत्र बांधलेले असत. ह्या सर्वांपुढे आपली आगवळ साधी दिसते. तिचा काळा रंग केसांत मिसळून जाण्यासाठी आहे, आणि मिरवायचे ते तीन गोंड्यांपुरतेच. मला हा संयम आवडतो.

पण संयम हा एकच मार्ग नव्हे हे शिकवायला दरसाल आपल्याकडे माणसे येतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात हंगाम सुरू झाला की बीड, अहिल्यानगर, जालना अशा जिल्ह्यांतून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या ह्या भागात उतरतात आणि कोप्या उभ्या राहतात. त्यांत बंजारा समाजाचीही कुटुंबे असतात. त्यांच्यातील तरुण बाया आज आपल्यासारखीच साडी नेसतात. फडात वर पुरुषी सदरा चढवतात, कारण उसाचे पाते हात कापते. परंतु एखादी वृद्ध बाई अजून जुन्या वेषात दिसते. केसांच्या बटांत गुंफून कानांच्या बाजूंनी सोडलेली चांदीची घुगरी, मागे वेणीत गुंफलेला चोटला, त्याला रंगीत लोकरीचे गोंडे आणि कवड्या. येथे काळ्याशी काळे मिसळण्याचा प्रश्नच नाही. येथे प्रत्येक गोष्ट दिसण्यासाठी आणि ऐकू येण्यासाठी आहे. बंजारा हे तांड्याने आणि बैलांच्या पाठीवर माल घेऊन देशभर फिरणारे लोक होते. घर पाठीवर असलेल्यांनी आपली सारी कला अंगावर ठेवली, ह्यात नवल नाही.

एका गोष्टीकडे मला विशेष लक्ष वेधायचे आहे. उसाची मोळी डोक्यावरून गाडीपर्यंत न्यावी लागते आणि डोक्यावर चुंबळ बसवायची तर माथा सपाट हवा. म्हणून काम करणारी बाई केस मानेशी आवळून बांधते. माथ्यावर काहीही नाही. जी शोभा ती माथ्याच्या मागे किंवा दोन्ही बाजूंना. बंजारा घुगरी बाजूला, आगवळ मागे. आपल्या पारंपरिक केशभूषेचा आराखडा सौंदर्यशास्त्राने ठरवला तितकाच पाण्याच्या घागरीने, वैरणीच्या भाऱ्याने आणि उसाच्या मोळीने ठरवला, असे मला वाटते. राजघराण्यातील बायकांना माथ्यावर मूद बसवणे परवडत होते, कारण त्यांच्या माथ्यावर दुसरे काही नव्हते.

जुनी बंजारा वस्त्रे आणि चोटल्यांचे तुकडे शहरातील दुकानांत पिशव्यांना, उशांच्या अभ्ऱ्यांना, चाव्यांच्या जुडग्यांना लावलेले आढळतात. घेणारे ते कौतुकाने घेतात. ‘किती कलात्मक!’ असे म्हणतात. त्या कौतुकाबद्दल माझ्या मनात अढी आहे हे लपवत नाही. एका बाईच्या वेणीतला गोंडा कापून दुसऱ्या बाईच्या पर्सला लावला की त्याला कला म्हणायचे आणि पहिलीच्या डोक्यावर होता तोवर त्याला मागासलेपण म्हणायचे, हा हिशेब मला कळत नाही. संग्रहालयांची गोष्ट वेगळी. पुण्यात डॉ. दि. गं. केळकर ह्यांनी राजा केळकर संग्रहालयात अडकित्ते, दिवे, पाय घासायच्या वज्ऱ्या अशा घरगुती वस्तू जमवून त्यांना काचेच्या आत मानाची जागा दिली. वापरातली वस्तू ही कलावस्तू असते हे कित्येकांना तेथेच पहिल्यांदा पटले असेल. २०२४ च्या ऑक्टोबरात वाशीम जिल्ह्यात पोहरादेवी येथे बंजारा विरासत संग्रहालय उघडले. बंजारा समाजाच्या तीर्थक्षेत्रीच ते उभे राहिले, ह्याचे मला मोल वाटते.

वेणीची कला दोघींची असते, हेही नोंदवले पाहिजे. स्वतःची पाठ कोणालाच दिसत नाही. वेणी घालते ती आई, बहीण, जाऊ, सासू. बसलेली बाई पुढे तोंड करून असते आणि घालणारी मागे. त्या अर्ध्या तासात घरातले जे बोलणे होते ते समोरासमोर बसून होत नाही. ज्या बाईच्या वेणीत गोंडा आहे तिला तो दिसत नाही. तो इतरांनी पाहायचा. आरशासमोर चालणाऱ्या आजच्या नट्ट्यापट्ट्याहून ही गोष्ट किती निराळी आहे!

परंतु केस राखणे आणि ते बांधून मिरवणे ही प्रत्येक बाईच्या हातची गोष्ट कधीच नव्हती. ब्राह्मण व काही इतर जातींत विधवेचे केशवपन केले जाई. १८९० साली मुंबईत सत्यशोधक कार्यकर्ते नारायण मेघाजी लोखंडे ह्यांच्या पुढाकाराने नाभिकांची सभा भरली आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही असे तिने ठरवले. केशभूषेच्या इतिहासात ह्या सभेची नोंद कलेच्या पुस्तकांतही असावी असे मला वाटते. ज्या जातींत केशवपन नव्हते तेथेही विधवेने फूल माळू नये, कुंकू लावू नये हे बंधन होतेच. बंजारा बाईची घुगरीही सौभाग्याशी बांधलेली, नवऱ्याच्या मागे ती उतरवायची. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे, बांगड्या फोडणे ह्या प्रथा गावात बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे करण्याविषयी परिपत्रक काढले. म्हणजे एकविसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकातही असा ठराव करण्याची गरज होती.

आजीची आगवळ इतकी शाबूत का राहिली, ह्याचा उलगडाही येथेच होतो. आजोबा गेले तेव्हा ती चाळिशीत होती. त्यानंतर तिने केस नुसत्या काळ्या दोऱ्याने बांधले. तीन गोंड्यांची आगवळ ट्रंकेत गेली. कोणी तसे करायला सांगितले होते का, असे मी विचारले. ‘सांगायला कशाला लागतंय?’ एवढेच ती म्हणाली आणि ट्रंकेचे झाकण लावू लागली.

आम्ही तिघी-चौघींनी गेल्या दिवाळीपासून एक नोंदवही सुरू केली आहे. लासुर्णे, सणसर, बेलवाडी आणि इतर गावांतील ओळखीच्या घरांतून ज्या आगवळी, गोंडे, गंगावने दाखवली जातील त्यांची मापे घ्यायची, चित्र काढायचे आणि वस्तू जिची तिच्याकडेच ठेवायची असे ठरले आहे. दोरा कशाचा, पेड किती, गळ्याला वेढे किती, कोणी केली, कोणत्या नावाने ओळखतात असे रकाने प्रथम आखले होते. आता त्यांत दोन वाढवले : वेणी कोण घालून देत असे, आणि वापरणे कधी थांबले. हा दुसरा रकाना भरताना पेन्सिल खाली ठेवून थोडा वेळ नुसते ऐकावे लागते. ज्यांच्या घरी अशी एखादी वस्तू असेल त्यांनी वर्गात कळवावे. कोप्यांवरच्या मावश्या गाव सोडण्याआधी त्यांच्याकडे जायचे आहे, आणि हंगाम मार्चच्या पुढे फार दिवस चालत नाही.